धर्मशाळेंतील संसार

संतांचीं चरित्रें लिहिणाऱ्यांनीं संतांच्या बायकांवर थोडा अन्यायच केला आहे. तुकोबा भंडाऱ्याच्या डोंगरावर नामचिंतनांत रंगून गेले, ही गोष्ट शेंकडों वेळां सांगितली गेली. पण त्यांच्यामागून भाकरी घेऊन डोंगर चढणारी जिजाई आमच्या कीर्तनांतून उरली ती केवळ एक कजाग बायको म्हणून. ती संतापे हें सर्वांस ठाऊक आहे. ती कां संतापे, घरांत त्या दिवशीं पीठ होतें कीं नव्हतें, हें विचारण्याची गरज कोणास भासली नाहीं. जिजाईच्या हातीं लेखणी असती तर मराठी वाङ्मयांत एक निराळेंच पुस्तक जन्मास आलें असतें, असें आमच्या मनांत पुष्कळदां येई. पुढें ध्यानांत आलें, कीं तसें पुस्तक जन्मास आलेलें आहे. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताच्या चरणांशीं पोंचलों, असें सांगणाऱ्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या पत्नीनें तें लिहिलें. त्याचें नांव ‘स्मृतिचित्रें’.

ह्या पुस्तकाची उपेक्षा झाली असें कोणी म्हणणार नाहीं. लक्ष्मीबाई टिळकांच्या ह्या आठवणी १९३४ पासून भागाभागांनीं प्रसिद्ध झाल्या, आणि १९३६ च्या फेब्रुवारींत बाई निवर्तल्या तेव्हां शेवटचा भाग अपुराच राहिला होता. पुढें संक्षिप्त आवृत्ति निघाली, इंग्रजी भाषांतरें झालीं, शाळेच्या पुस्तकांतून उतारे आले. बाईंची साधी भाषा, त्यांचा निर्मळ विनोद आणि विसराळू, उतावळ्या, उदार टिळकांची मूर्ति ह्यांची वाखाणणी तर तीन पिढ्या करीत आल्या आहेत. आम्हींही ती केली. परंतु एकदां सोलापुरांतील आमच्या वर्गांत ह्या पुस्तकांतील एका प्रसंगावर सारीं मुलें हंसत असतां मागच्या बाकावरील एका मुलीनें विचारलें, “सर, पण बाईंना कुणी विचारलं होतं का?” आम्हीं त्या वेळीं कांहींतरी सांगून वेळ मारून नेली. प्रस्तुत लेख हें त्या प्रश्नास उशिरां दिलेलें उत्तर आहे.

प्रश्न थोडक्यांत असा: धर्मसेवेची तयारी करणारा पुरुष जर संसारी असेल, तर त्याच्या दीक्षेंत त्याच्या पत्नीचा वांटा कोणता? तिनें तो स्वतः उचललेला असतो, कीं तो तिच्या माथीं मारलेला असतो? ह्या प्रश्नास आपल्याकडे जुना इतिहास आहे. आळंदीच्या विठ्ठलपंतांची कथा कोणत्या मराठी घरांत ठाऊक नाहीं? ते काशीस गेले, घरीं पत्नी आहे हें न सांगतां त्यांनीं संन्यास घेतला, आणि खरी हकीकत कळतांच गुरूनें त्यांस परत घरीं धाडलें. गुरूच्या त्या आज्ञेंत मोठा न्याय आहे. ज्याच्या पदराशीं दुसऱ्याच्या पदराची गांठ मारलेली आहे, त्यानें एकट्यानें देवाच्या दारीं जाणें हा देवाससुद्धां मान्य न होणारा व्यवहार आहे. परत आल्यावर त्या कुटुंबास जें सोसावें लागलें तें समाजाचें पाप खरेंच. पण मुळांतली चूक न विचारतां घेतलेल्या दीक्षेची होती.

ख्रिस्ती धर्मसेवेंत हा पेंच निराळ्या रीतीनें उभा राहतो. रोमन पंथांत पाद्र्यास विवाहच वर्ज्य असल्यामुळें तेथें हा प्रश्न फारसा संभवत नाहीं. प्रॉटेस्टंट मिशनें मात्र आपल्या देशांत संसारासह आलीं. अमेरिकन मराठी मिशननें १८१३ सालीं मुंबईंत आणि १८३१ सालीं अहमदनगरास, म्हणजे आतांच्या अहिल्यानगरास, आपलें काम मांडलें. आमचें सोलापूरही त्याच मिशनचें जुनें ठाणें. मंडळ्या उभ्या राहिल्या तसे देशी पाळक हवेसे झाले, आणि त्यांच्या शिक्षणासाठीं नगरास धर्मशास्त्राचें विद्यालय चालूं लागलें. अशा विद्यालयांत येणारा विद्यार्थी म्हणजे गुरुगृहीं राहणारा ब्रह्मचारी नव्हे. बालविवाहाच्या त्या काळांत तो बहुधा लग्न झालेला, एकदोन मुलांचा बाप असे. त्याला शास्त्राचा अर्थ शिकवावयाचा, प्रवचन करण्याची रीत शिकवावयाची, हें ठरलेलें होतें. पण ज्या खेड्यावर त्याची पुढें नेमणूक व्हावयाची, तेथें त्याच्या बायकोनेंही जावयाचें होतें. आल्यागेल्यास जेवूं घालणें, बायकामुलांस चार अक्षरें शिकविणें, आजाऱ्याच्या उशाशीं बसणें, नवऱ्याच्या अपुऱ्या पगारांत परक्याचीं पोरें वाढविणें, हें सारें तिनेंच करावयाचें होतें. पाळकाची बायको म्हणजे पगारपत्रकावर नांव नसलेली दुसरी पाळकच. पहिल्याची परीक्षा विद्यालय घेई. दुसरीची परीक्षा रोज चुलीपुढें होई, आणि तिचा निकाल कोठें छापून येत नसे.

पति आणि पत्नी ह्यांचें मन आधींपासून एक असलें तर हा पेंच सुटतो. मराठींतील पहिली कादंबरी म्हणून जिचा उल्लेख होतो, त्या बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटना’ंत (१८५७) ग्रंथकारानें असेंच जोडपें कल्पिलें आहे. यमुना आणि तिचा पति दोघेही नव्या विचारांचे, दोघांचें मन एकाच दिशेस लागलेलें. प्रत्यक्षांतही असें एक जोडपें झालें. सुमंतराव विष्णु करमरकर अमेरिकेंत धर्मशास्त्राचा अभ्यास करीत असतां त्यांच्या पत्नी गुरुबाई पेन्सिल्व्हेनियाच्या स्त्री-वैद्यकीय महाविद्यालयांत शिकत होत्या. १८८६ सालीं आनंदीबाई जोशी जेथून पदवी घेऊन बाहेर पडल्या, तेथूनच १८९२ सालीं गुरुबाईंस पदवी मिळाली. पुढें दोघांनीं मुंबईंत मिशनच्या कामांत आयुष्य घालविलें. येथें पत्नी पतीच्या धर्मकार्याची सावली नाहीं. तिचें स्वतंत्र शास्त्र आहे आणि तिच्या नांवें स्वतंत्र काम आहे. असे संसार धन्यच. पण ते थोडे. बहुतेक घरांत एकाचें मन पुढें धांवलेलें आणि दुसरें मागें राहिलेलें असतें. त्या मागें राहिलेल्या मनाचा इतिहास लिहिणारें मराठी पुस्तक ‘स्मृतिचित्रें’ हेंच.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ सालचा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेरीं त्या मनकर्णिका गोखले. १८५७ च्या धामधुमींत त्यांच्या आजोबांस फांशी झाली, आणि त्या धक्क्यानें वडिलांच्या डोक्यांत सोंवळ्याचें खूळ शिरलें. बाजारांतून आलेला जिन्नस, मीठसुद्धां, धुतल्यावांचून घरांत घ्यावयाचा नाहीं, असा त्यांचा खाक्या. ही हकीकत पुस्तकाच्या आरंभीं येते आणि वाचक पोट धरून हंसतो. आमच्या मतें बाईंनीं ती तेथें केवळ हंसविण्यासाठीं घातलेली नाहीं. जिच्या बापाच्या घरांत मीठ धुतलें जाई, त्या मुलीला पुढें कोणाच्याही हातचें पाणी पिण्यापर्यंत चालत जावयाचें होतें. तो रस्ता किती लांबीचा होता, हें कळण्यास तो कोठून निघाला हें सांगणें अवश्य होतें. बाईंस शाळा मिळाली नव्हती. परंतु कथेचा पाया कोठें घालावा हें त्यांस उपजतच कळत होतें.

अकराव्या वर्षाच्या सुमारास त्यांचें लग्न झालें. पति कवि, वक्ता, विद्वान्, आणि पायाला भिंगरी लागलेला. नाशिक, नागपूर, राजनांदगांव, जेथें नोकरी तेथें बिऱ्हाड. आणि कित्येकदां बिऱ्हाड एकीकडे व टिळक भलतीकडे. राजनांदगांवास जातांना आगगाडींत एका परक्या गृहस्थाची गांठ पडली, त्यानें ‘नवा करार’ हातीं दिला, आणि टिळकांच्या मनांत जी चलबिचल आधींपासून चालली होती तिला दिशा मिळाली. १८९५ च्या फेब्रुवारींत मुंबईंत त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. पत्नी त्या वेळीं सत्ताविशींतली, पदरीं लहान दत्तू. तिला हें कळलें तें सर्व झाल्यावर. मागच्या बाकावरील मुलीच्या प्रश्नाचें पहिलें उत्तर येथेंच मिळतें: नाहीं, बाईंना कोणी विचारलें नव्हतें.

ह्याच ठिकाणीं आम्ही वाचकांचें लक्ष एका गोष्टीकडे वेधूं इच्छितों. ‘स्मृतिचित्रें’ विनोदी म्हणून प्रसिद्ध. परंतु धर्मांतराची वार्ता आली त्या दिवसांच्या वर्णनांत विनोदाची धार बोथट होते. वाक्यें आंखूड होतात. बाई रडल्याचें सांगतात, पण रडत नाहींत. दोष देत नाहींत, आणि माफही करीत नाहींत. एखाद्या हिशेबी माणसानें जमेच्या बाजूस कांहींच नसतां खर्चाच्या रकमा तेवढ्या मांडून ठेवाव्या, तसा तो मजकूर आहे. जो टीकाकार सबंध पुस्तकास एकाच ‘खेळकर’ ह्या विशेषणाखालीं झांकतो, त्यानें हीं पानें भरभर उलटलीं असलीं पाहिजेत.

ह्यानंतर सुमारें पांच वर्षें पति-पत्नी निराळीं राहिलीं. त्यांतील बराच काळ बाई पंढरपुरास आप्तांच्या आश्रयानें राहिल्या. आम्ही सोलापूरकर पंढरपुरास कैक वेळां जातों. येथून तें चाळीसपंचेचाळीस मैल. चंद्रभागेच्या वाळवंटांत उभें राहिलें म्हणजे आम्हांस अनेकदां वाटतें, कीं तुकोबांचा देव जेथें विटेवर उभा, त्याच गांवीं टिळकांच्या पत्नीनें आपल्या आयुष्यांतले सर्वांत अवघड दिवस काढावे, हा योग एखाद्या नाटककारास जुळवून आणतां आला नसता. सौभाग्य आहे, पण संसार नाहीं. नवरा जिवंत आहे, पण त्याच्याकडे जावें तर जात जाते. विधवेला दुःख सांगण्याची निदान रूढि तरी मोकळीक देते. ह्या स्त्रीस तेवढीही नव्हती.

सरकारचा कायदा त्या वेळीं काय म्हणत होता, हेंही पाहण्यासारखें आहे. १८६६ च्या कायद्यानें ख्रिस्ती झालेल्या माणसास अशी सोय दिली होती, कीं धर्मांतरामुळें जोडीदार सहा महिने नांदावयास येत नसेल तर न्यायालयांत अर्ज करावा. न्यायाधीशानें नांदण्यास नकार देणाऱ्यास समक्ष विचारावें, एक वर्ष वाट पाहावी, आणि तरीही नकार कायम असेल तर विवाह मोडून दोघांस पुनर्विवाहाची मोकळीक द्यावी. टिळकांस हें दार मोकळें होतें. ते त्यांतून गेले नाहींत. पत्रें लिहीत राहिले, येत जात राहिले, वाट पाहत राहिले. ज्या माणसास बाजारांत जाऊन येईपर्यंत धीर निघत नसे, त्यानें पत्नीसाठीं पांच वर्षें धीर धरला. टिळकांच्या चरित्रांतील सर्वांत ख्रिस्ती गोष्ट कोणती असें आम्हांस कोणी विचारिलें, तर आम्ही त्यांच्या प्रवचनांकडे बोट न दाखवितां ह्या पांच वर्षांकडे दाखवूं. एकदां न विचारतां केलेल्या कृत्याचें हें न बोलतां केलेलें प्रायश्चित्त होतें.

पुढें बाई नगरास आल्या, त्या धर्म बदलून नव्हेत. नवरा ख्रिस्ती, बायको ब्राह्मण. स्वयंपाक निराळा, पाणी निराळें. टिळक ह्या वेळीं धर्मशास्त्राच्या विद्यालयांत शिकवीत होते. डॉक्टर ह्यूम यांच्यासारख्या मिशनऱ्यांची ये-जा, धर्मसेवेसाठीं तयार होणारे विद्यार्थी, त्यांचीं कुटुंबें, अशा वस्तींत एक स्त्री आपलें सोंवळें संभाळीत वावरते आहे, हें चित्र एकाच वेळीं हास्यकारक आणि अत्यंत गंभीर आहे. टिळकांनीं तिच्यावर जबरदस्ती केली नाहीं. तिनेंही केवळ नवऱ्यासाठीं म्हणून मान तुकविली नाहीं. जातिभेद देवानें केलेला नव्हे, ही गोष्ट मनास पटली तेव्हां त्यांनीं आधीं पाण्याची शिवाशिव सोडली; बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० सालीं. हा क्रम महत्त्वाचा आहे. पुरुषांच्या धर्मांतरकथा ग्रंथांपासून निघतात आणि पाण्यापर्यंत पोंचतात. बाईंची कथा पाण्याच्या भांड्यापासून निघून ग्रंथापर्यंत गेली. ज्या समाजांत धर्म म्हणजे प्रथम कोणाच्या हातचें खावें आणि कोणाच्या हातचें खाऊं नये, तेथें बाईंचीच वाट अधिक खरी म्हटली पाहिजे.

टिळकांस पाळकपदाची दीक्षा १९०४ सालीं मिळाली. १८९५ पासून तोंपर्यंतचा काळ हा त्यांच्या तयारीचा काळ म्हणतां येईल. पण ह्या काळांत विद्यार्थी कोण, असें विचारलें तर आम्ही लक्ष्मीबाईंचें नांव घेऊं. विद्यालयाच्या वर्गांत टिळक गुरु होते. घर हा दुसरा वर्ग होता, आणि त्यांत बाई शिकत होत्या. आपल्या भाषेंत ‘धर्मशाळा’ हा शब्द वाटसरूंच्या उतरण्याच्या जागेस लावतात. टिळकांचें घर त्या अर्थानें धर्मशाळा होतेंच: दुष्काळांतलीं पोरकीं मुलें, विद्यार्थी, उपाशी पाहुणे, आणि बालकवि ठोंबऱ्यांसारखा कवि, सारे तेथें राहून गेले. पण शब्दशः धर्माची शाळाही तीच होती. परक्याचें मूल उचलून घेतांना हात मागें न घेणें, हातीं राहिलेल्या दोन पैशांत चार पानें मांडणें, नवऱ्यानें घरखर्चाचा रुपया गरजूला देऊन रिकाम्या हातीं घरीं यावें आणि आपण चूल विझूं देऊं नये, हे धडे कोणत्याही विद्यालयाच्या अभ्यासक्रमांत नव्हते. परंतु त्यांच्यावांचून पाळकाचें शिक्षण पुरें होत नाहीं, हें ‘स्मृतिचित्रें’ वाचणाऱ्या कोणासही पटेल. शिष्या शेवटीं केवढी झाली, ह्याचा पुरावा वाङ्मयांतच आहे. टिळकांनीं अपुरें ठेवलेलें ‘ख्रिस्तायन’ पुढें पुरें केलें तें ह्याच, शाळेची पायरी न चढलेल्या, बाईंनीं.

आतां विनोदाविषयीं. बाईंचा विनोद म्हणजे क्षमाशील पत्नीचें कौतुक, असा समज रूढ आहे. आम्हांस तो मान्य नाहीं. टिळकांच्या लहरींची हकीकत सांगतांना बाई नेहमीं दोन गोष्टी शेजारीं शेजारीं ठेवितात: टिळकांचा उदात्त हेतु, आणि त्याचा घरांत झालेला परिणाम. मध्यें स्वतःचें मत घालीत नाहींत. दोन्हींतलें अंतर वाचकास दिसतें आणि तो हंसतो. पण हंसून झाल्यावर लक्षांत येतें, कीं आपण नुकताच एक निवाडा ऐकला. न्यायाधीशानें आरोपीवर प्रेम करावें आणि तरीही पुराव्यांतील एक कागद गाळूं नये, अशा प्रकारचा हा विनोद आहे. तो जिजाईच्या संतापाचाच, लिहिण्यावांचण्यानें आणि पुष्कळ सोसल्यानें निवळलेला, प्रकार आहे. म्हणून टिळकांविषयींचें आपलें प्रेम ह्या पुस्तकानें कमी होत नाहीं, उलट वाढतें. मात्र आंधळेपणानें त्यांची पूजा करण्याची सोय तें ठेवीत नाहीं. इंग्रजींत टिळकांचें चरित्र विन्स्लो यांनीं १९२३ सालींच लिहिलें. कवि आणि भक्त टिळक त्यांतून समजतात; पण टिळकांच्या घरीं राहावयास जावयाचें असेल, तर बाईंचेंच बोट धरिलें पाहिजे.

कोणी म्हणेल, हें पुस्तक टिळकांच्या मृत्यूनंतर, म्हणजे १९१९ नंतर, पुष्कळ वर्षांनीं लिहिलेलें. तोंपर्यंत दुःखाची बोंच गेलेली, आठवणींवर गोडवा चढलेला. तेव्हां त्यावरून १८९५ च्या लक्ष्मीबाईंस काय वाटलें हें कसें ठरवावें? आक्षेप योग्य आहे. परंतु काळानें गोडवा चढवावयाचा असता तर तो सर्वांआधीं वडिलांच्या सोंवळ्यावर, सासऱ्यांच्या कठोरपणावर आणि पंढरपूरच्या दिवसांवर चढला असता. तसें झालेलें नाहीं. काळानें बाईंचा राग नेला, स्मरण नेलें नाहीं. दुसरा आक्षेप उलट बाजूनें येतो: धर्मसेवकाच्या घरांतील ह्या पुस्तकांत धर्मतत्त्वांचा ऊहापोह फार थोडा आहे. तोही खरा. पण तत्त्वाचें विवेचन करणारीं पुस्तकें मराठींत ख्रिस्ती आणि हिंदु दोन्ही पक्षांकडून पुष्कळ झालीं. तत्त्व घरांत शिरल्यावर भांड्यांची मांडणी कशी बदलते, हें दाखविणारें हें एकच.

ह्या पुस्तकाच्या शेजारीं रमाबाई रानड्यांचें ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’ (१९१०) ठेवून पाहावें. दोन्हींत मोठ्या ध्येयाच्या पुरुषाची बायको बोलते; दोघींचीं लग्नें अकराव्या वर्षाच्या आसपासचीं. रमाबाईंचें पुस्तक म्हणजे शिष्येनें गुरूस वाहिलेली पूजा. तीत भक्ति आहे, शालीनता आहे, घरांतल्या वडीलधाऱ्या बायकांनीं केलेल्या छळाचें हृदयद्रावक वर्णन आहे. पण पतीच्या निर्णयाविषयीं प्रश्न नाहीं. आनंदीबाई कर्व्यांच्या ‘माझें पुराण’ (१९४४) मध्यें प्रश्न आहे, आणि तो रोखठोक आहे: संस्था पोसणाऱ्याच्या घरचीं माणसें कोणी पोसावीं? लक्ष्मीबाई दोघींच्या मधें उभ्या आहेत. त्यांच्यांत रमाबाईंची भक्ति आहे आणि आनंदीबाईंची सडेतोड वृत्तिही आहे. शिवाय एक गोष्ट दोघींजवळ नाहीं ती आहे, ती म्हणजे स्वतःवर हंसण्याची ताकद. सोंवळें संभाळणाऱ्या स्वतःच्या मूर्तीकडे त्या ज्या मिस्किलपणें पाहतात, त्यामुळें टिळकांवर हंसण्याचा त्यांचा अधिकार सिद्ध होतो.

पुस्तकांत दोष नाहींत असें नव्हे. टिळकांच्या मृत्यूनंतरच्या भागांत हकीकतींचा ओघ पसरट होतो. प्रसंग आठवेल तसा सांगितल्यासारखा वाटतो. स्वतःच्या बाप्तिस्म्याविषयीं बाई जितकें सांगतात त्याहून पुष्कळ अधिक ऐकण्याची वाचकाची इच्छा अपुरी राहते. आणि आमची मुख्य तक्रार ही, कीं धर्मशास्त्राच्या विद्यालयाभोंवतालच्या इतर विवाहित विद्यार्थ्यांच्या बायका ह्या पुस्तकांत दाराशीं येऊन परत जातात. बाई ब्राह्मण घरांतून आल्या. त्यांच्यापुढें सोंवळें टाकण्याचा प्रश्न होता. ज्या महार आणि मांग घरांतून कित्येक ख्रिस्ती कुटुंबें आलीं, त्यांच्या स्त्रियांपुढें टाकण्यासारखें सोंवळें नव्हतेंच. त्यांना उलट माणूस म्हणून ताठ उभें राहण्यास शिकावयाचें होतें. नवऱ्याच्या धर्मशिक्षणानें त्यांचें काय झालें, पुस्तक हातीं धरणारी पहिली पिढी म्हणून त्यांना काय मिळालें आणि काय सोसावें लागलें, हें लिहिणारी दुसरी लक्ष्मीबाई निघाली असती तर मराठी वाङ्मय अधिक संपन्न झालें असतें. तशीं विद्यालयें आजही आहेत. यवतमाळास १९५३ सालीं उभें राहिलेलें युनियन बिब्लिकल सेमिनरी १९८३ पासून पुण्यांत आहे. संसार घेऊन धर्मसेवेच्या शिक्षणास येणारे विद्यार्थी आजही असतात. त्यांच्या खोल्यांतून रात्रीं दिवा जळत असतांना पुस्तक कोणाच्या हातीं आणि पाळणा कोणाच्या हातीं असतो, हें सांगणाऱ्या पुस्तकाची मराठी वाचक वाट पाहत आहे.

आणि हा प्रश्न केवळ ख्रिस्ती घरांचा नव्हे. देशासाठीं तुरुंगांत गेलेले, संस्थांस आजन्म वाहून घेतलेले, तुटपुंज्या वेतनावर शिक्षणाचें व्रत चालविणारे पुरुष आमच्या प्रत्येक मध्यमवर्गीय कुटुंबाच्या मागच्या पिढ्यांत एखाददुसरे तरी सांपडतील. त्यांच्या तसबिरींस आपण हार घालतों. शेजारच्या तसबिरींतील स्त्रीस व्रताविषयीं कोणी विचारलें होतें काय, हें आपण विचारीत नाहीं. तिनें सोसलें म्हणजे संमति दिली, असें धरून चालतों. सोसणें आणि संमति ह्यांत केवढें अंतर आहे, तें मोजण्यास लक्ष्मीबाईंस पांच वर्षें लागलीं, आणि तें अंतर चालून त्या पलीकडे गेल्या त्या स्वतःच्या पायांनीं. १९१७ सालीं टिळक मिशनची नोकरी सोडून साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडावयास निघाले, तेव्हां पुन्हां एकदां चालता संसार मोडून निघावें लागलें. पण ह्या वेळची बाई १८९५ ची नव्हती. कुरकुरण्याचा आणि बरोबर चालण्याचा, असे दोन्ही अधिकार तिनें कमावले होते.

मागच्या बाकावरील त्या मुलीचें शिक्षण कधींच पुरें झालें. ती आज कोठें आहे आम्हांस ठाऊक नाहीं. हा लेख तिच्या वाचनांत आला तर आमचें उत्तर तिनें असें समजावें: बाईंना आधीं कोणी विचारलें नाहीं, ही टिळकांची चूक होती, आणि ती चूकच होती. पण चूक कळल्यावर त्यांनीं थांबून उत्तराची वाट पाहिली. आणि बाईंनीं उत्तर दिलें तें स्वतःच्या वेळेस, स्वतःच्या शब्दांत दिलें. आम्ही वर्गांत फक्त हंसलों होतों. तिनें विचारलें, तें बरें केलें.